बॅटरीची गाडी आणि आमचं वायरिंग

वायरमनकडे चांगल्या कामाचे किस्से नसतात. काम चांगलं झालं की लोक विसरतात, बिघडलं की जन्मभर चहाला पुरतं. बोईसरच्या एका गॅरेजने मला असे बरेच चहा पाजलेत!

तिथले साहेब तारापूरच्या कारखान्यात इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात त्यांनी जुन्या मोटारीचं इंजिन काढून बॅटऱ्या बसवल्या. कारण त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, दमा. वहिनींची आई जवळच्या उमरोळीला अंथरुणाला खिळलेली, आणि रिक्षाच्या धुराने वहिनी निम्म्या वाटेवरून परत यायच्या.

चार्जरसाठी गॅरेजात वायरिंग करायला मी आणि कुंभवलीचा दामू गेलो. आमची रीत अशी, की नवी लाइन आधी मध्ये बल्ब टाकून तपासायची. सगळा करंट त्या बल्बातूनच जातो, म्हणून शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही. तपासून झालं की बल्ब काढायचा आणि लाइन थेट जोडायची.

*

चार्जर चालू केला आणि वरचा बल्ब मिणमिणला. साहेब खूश. म्हणाले, "चार्जिंग चालू असल्याची खूण? हे मला सुचलं नव्हतं."

मलाही सुचलं नव्हतं. पण कौतुक कोण परत करतं? मी मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकापर्यंत गेली आणि बसली. साहेबांनी बॅटऱ्यांचं पाणी बदललं, दामूने वायर बदलली, मी प्लग बदलला. गाडी पुन्हा फाटकापर्यंतच.

"लायनीत कायच दोष नाय," दामू म्हणाला. "आमी दोनदा बघितलाय."

मी तिसऱ्यांदा बघितलं. खरंच नव्हता.

*

मासे विकायला येणारी कोळीण रोज हा तमाशा बघायची. एकदा पाटी उतरवून म्हणाली, "दिसभर खाते नि चालत नाय. हिला जंत झालं आसतील."

साहेब हसले नाहीत. विचारात पडले.

*

मग कारखान्यातली बॅटरीची ट्रॉली सांभाळणारा मेकॅनिक आणला. त्याने दोन तास सगळं तपासलं आणि डोकं खाजवत निकाल दिला, "सब ठीक है साब. बस, चलती नहीं."

*

महिन्याभराने साहेबांनी हात टेकले आणि गाडी विकायची ठरवली. मी आणि दामू वायरिंग काढायला गेलो. उमरोळीहून आईचा निरोप पुन्हा आला होता. वहिनींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? हे म्हणतात, काहीतरीच तुझं. गॅरेजात अंधार वाटतो म्हणून मी चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला, तर गाडी नाक्यापर्यंत गेली. परवा शंभरचा लावला, तर निम्म्या वाटेवर, बेटेगावपर्यंत. आता उमरोळीला जायचं तर कितीचा लावू?"

मी दामूकडे बघितलं. दामूने वर बघितलं. मी बल्बाखाली स्टूल ओढलं.