खाणगावाचा शेवटचा सामना

आम्ही चिंचवडहून परदेशात आलो तेव्हा त्या खाणगावात भाड्याने घर मिळेना. नवरा खाणीत इंजिनिअर, तरी सुरुवातीला कॅरव्हॅनमध्ये राहिलो. लाल मातीच्या त्या ओसाड टोकाला दोन पब, शाळा, सुपरमार्केट, अगदी स्विमिंग पूलसुद्धा! एक गोष्ट मात्र गावाला कधीच जमली नाही, ती म्हणजे जिल्ह्याचा क्रिकेट कप. दर वर्षी शेजारच्या गावाकडून हरायचं ठरलेलं.

मग खाण बंद झाली. घरं रिकामी झाली, शाळेला कुलूप लागलं. आमचीही बांधाबांध झाली होती. आणि नेमके त्याच वर्षी आम्ही फायनलला, समोर तेच शेजारचं गाव! पण खेळाडू उरले दहाच. गावाला पुढचा सीझन नव्हता. आता नाही तर कधीच नाही.

कॅप्टन म्हणजे पबवाला. दारात येऊन नवऱ्याला म्हणाला, "तुझी बायको खेळेल का, मेट?"

"अरे, मला विचार ना! मी काय मुकी आहे?"

तीन रन हवे होते, शेवटची विकेट उरली होती, आणि मी बॅट घेऊन निघाले. पलीकडे नवरा. त्याने मला आधीच आऊट धरलंय हे बघून माझं डोकंच फिरलं. समोरच्यांनीही तेच धरलेलं. सगळे हसत हसत माझ्या अंगाशी येऊन उभे. वेडे कुठले! चिंचवडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळलेय मी. काचा फुटतात म्हणून बॉल उचलला की आऊट. दोन स्कूटरींच्या फटीतून सरपटी काढायचा, हेच आमचं क्रिकेट.

दोघांच्या मधली फट दिसली आणि मी बॉल ढकलला. मागे अख्खं मैदान मोकळं! नवरा आपला बघत उभा.

"पळ ना रे, बघतोस काय!"

तिसऱ्या रनला तो "नको, नको" म्हणत होता. मी ऐकते कशाला! धुळीत लोळण घेतली, पण पोचले. जिंकलो! उठून बघते तर पबवाला ढसाढसा रडतोय. मग मलाही आवरेना.

महिन्याभरात गाव रिकामं झालं. आमच्या क्लबालाच कुलूप, म्हणून कप ठेवला शेजारच्यांच्या क्लबात. त्यावर आमच्या गावाचं नाव कोरल्याचं कळलं, तेव्हा गावात ते वाचायला कुणीच उरलं नव्हतं. मग आम्ही अकराही जण जिथे पांगलो होतो तिथून गाड्या काढून गेलो, आणि शेजारच्यांच्या नाकावर टिच्चून ते नाव मोठ्याने वाचलं.