नोंद सापडत नाही

आमच्या हडपसरच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात, असं मॅनेजरचं मत आहे. आम्ही कर्नलवाले, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं काम करणारे. निम्मे किस्से कांबळे सरांचे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले, तीस वर्षं कोड लिहिणारे आणि एका वाक्यात माणसाला गार करणारे!

सरांच्या टेबलाखाली एक जुनाट मशीन होतं. अ‍ॅडमिनवाले ते भंगारात न्यायला सारखे यायचे. शेवटी सरांनी त्यावर कागद चिकटवला : 'हे यंत्र जुने आहे, भंगार नाही. फरक कळत नसल्यास आधी माझ्याशी बोलावे.' पुन्हा कोणी आलं नाही.

*

आता माझा पराक्रम. मी तेव्हा प्रोबेशनवर होते.

कॉम्प्युटर सुरू झाला की त्यातली प्रत्येक सेवा एका नोंदणी-प्रोग्रामकडे जाऊन 'मी अमुक दारापाशी आहे' असं सांगते. बाकीची मशीन्स तिथेच विचारून तिला शोधतात. नोंदणीची नवी पद्धत आली होती. एखाद्या जुन्या मशीनने ती नाकारली, तर जुन्या पद्धतीने नोंद करायची, अशी कोडमध्ये सोय होती. 'आता हे कोण वापरतं!' म्हणत मी ती सोय उडवली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

*

शाबासकीऐवजी फोन आला. एका खेड्यातल्या शाळेचे लॅब असिस्टंट होते.

"म्याडम, अपडेट केल्यापासनं सर्व्हर चालू हाय, पन पोरांच्या एकाबी कॉम्प्युटरला त्यो सापडंना! सोमवारी परीक्षा हाय."

शेजारून स्पीकरवर ऐकणारे सर म्हणाले, "आपल्या दोन-दोन पानी रिपोर्टांपेक्षा हे नेमकं आहे."

म्हणजे मी उडवलेली सोय त्यांचा सर्व्हर वापरत होता! कोणाच्या बदलामुळे बिघडलं, हे दुरुस्तीखाली जगजाहीर लिहायची आमच्यात रीत आहे. सर त्याच शुक्रवारी रिटायर होणार होते. म्हटलं, "सर, ही शेवटची दुरुस्ती तुमच्या नावाने जाऊ दे ना."

"अहो, बिघाडाखाली तुमचं नाव येणारच आहे. दुरुस्तीवरही येऊ दे. एकटं बरं दिसत नाही."

मला रडूच आलं. मग टेबलाखालच्या त्या मशीनवर आम्ही दुरुस्ती तपासली. त्याने नवी पद्धत धुडकावली आणि जुनी मुकाट्याने घेतली.

*

आमचा कोड मंजूर करणाऱ्या परदेशातल्या तपासनिसाचं मेल आलं : 'इतकं जुनं अजून वापरतं कोण?'

मी अर्धं पान उत्तर लिहिलं. सरांनी ते सगळं पुसून एकच ओळ टाइप केली : 'ज्यांची सोमवारी परीक्षा आहे, ते.'

दुरुस्ती त्याच दिवशी मंजूर! शाळेतूनही फोन आला, "म्याडम, सापडला!"

*

रिटायर झाल्यावर पुढच्याच मंगळवारी सर ते मशीन घरी न्यायला आले. मी त्यांना घ्यायला गेटवर गेले. तिथे चेहरा ओळखणारं नवं यंत्र बसवलं होतं. सर समोर उभे राहिले. स्क्रीनवर आलं, 'नोंद सापडत नाही.' पुन्हा उभे राहिले. पुन्हा तेच.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

गेटवरच्या वॉचमन मामांनी ड्रॉवरमधून जुनं रजिस्टर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि सरांपुढे पेन धरलं.

"सायेब, मशीनला तुमी सापडंना. मला तर दिसताय की! करा सही."