मास्तरांचा डावा कान

म्बाले शहरातल्या टॅक्सी थांब्यामागं नबीफोची लॅपटॉप दुरुस्तीची टपरी होती. पूर्वी ती तिथंच बायकांच्या वेण्या घालायची. एकदा एका गिऱ्हाइकाचा मुका रेडिओ तिनं सहज उघडून बोलता केला आणि तिथून तिला हा नाद लागला. कुणी आवाज येत नाही म्हणून आलं, की ती आधी आवाज बंद करून ठेवलेला नाही ना ते बघायची, मग हेडफोनचं भोक फुंकायची. बऱ्याचदा आतून धुळीचा बोळा निघायचा आणि गिऱ्हाईक ओशाळून हसायचं.

एके सकाळी खौखा मास्तर आले. चर्चमधल्या गाणाऱ्यांचे ते प्रमुख. नबीफोही त्यांच्याच हाताखाली गायची.

"पोरी, या लॅपटॉपचं काहीतरी बिनसलंय. हेडफोन लावला की डावी बाजू मुकी. हेडफोन बदलून पाहिला, तरी तेच."

"बसा मास्तर. चहा घ्या, बघते मी."

तिनं भोक साफ केलं. लॅपटॉपमध्ये डाव्या-उजव्या बाजूचा आवाज सारखाच ठेवलेला होता. हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, तर दोन्हीकडून गाणं स्वच्छ येत होतं. वायर हलवून पाहिली, तरी कुठं खरखर नाही.

"मास्तर, आता हा उलटा घाला बरं. डावा उजव्या कानावर."

मास्तरांनी घातला.

"आता कुठला कान मुका?"

"डावाच की."

खोट लॅपटॉपमध्ये किंवा हेडफोनमध्ये असती, तर मुकी बाजू आता उजव्या कानावर यायला हवी होती. नबीफोला कळलं, खोट मास्तरांच्या कानातच आहे. गाताना बायका मास्तरांच्या डाव्या हाताला उभ्या राहायच्या, बाप्ये उजव्या. गेले काही रविवार मास्तर डावीकडच्या बायकांवर चिडत होते, तोंड उघडा म्हणून. बायका घशाच्या शिरा ताणून गात होत्या आणि मनातून रुसल्या होत्या.

"मास्तर, लॅपटॉप बरा आहे," ती हळूच म्हणाली. "कान दाखवून या."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे बायका गात होत्या?"

"गात होत्या."

"तूसुद्धा?"

"मी रागानं जरा जास्तच."

मास्तरांना हसू आलं, पण डोळे भरले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची आतली शीर निकामी झालीय, त्या कानानं आता ऐकू येणार नाही. मास्तर चर्चला यायचे थांबले. मग नबीफोच त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं शेंगदाण्याच्या रश्श्यातले बांबूचे कोंब वाढले. जेवता जेवता नबीफो म्हणाली, "तुम्ही मधोमध कशाला उभं राहायचं? डाव्या टोकाला उभे राहा. सगळे तुमच्या उजव्या हाताला येतील."

"लोक विचारतील ना."

"विचारू देत. सांगा."

पुढच्या सरावाला मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं आणि बायकांची माफी मागितली. मग डाव्या टोकाला जाऊन हात उचलला. गाणं अर्ध्यावर आलं तशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"बाप्ये हो," ते म्हणाले, "जरा हळू. बायकांचं ऐकू येऊ द्या मला."