आकडा बसून राह्यला

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही – पत्नीलाही नाही. आज लिहितो आहे तो राग आला म्हणून. गेल्या महिन्यात सिंदेवाहीत माझा सत्कार झाला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आमच्या नौदलातील त्या अपघाताविषयी मोठ्या कळवळ्याने सांगितले, की दोष कोणाचाच नव्हता. बोलीतल्या एका शब्दाने घात केला. सभा हळहळली. झाडीबोलीतला, माझ्या घरच्या बोलीतला शब्द मला कळला नाही? मला?

पन्नासच्या दशकाची अखेर होती. आमच्या तळावर प्रशिक्षणाचे, दोन आसनांचे जेट होते – विमानवाहू जहाजावर उतरता यावे म्हणून शेपटीखाली लोखंडी आकडा जोडलेले. धावपट्टीवर आडवी तार ताणायची आणि उतरताना त्या आकड्याने ती पकडायची, असा सराव चाले. तपासणीला आम्ही दोघे. विमानाच्या पोटाखाली शिरणारा मासू – भामरागडकडचा माडिया आदिवासी, त्याला भरतीला मीच नेले होते – आणि बाहेर उभा राहून नोंद करणारा मी. कोणी म्हणते, मासू प्यायला होता. साफ खोटे. कोणी म्हणते, त्याने नीट पाहिलेच नाही. तेही खोटे. त्या सकाळी तो खालून स्पष्ट म्हणाला, "भाऊ, आकडा बसून राह्यला."

मुख्याध्यापकांच्या मते मी समजलो, आकडा नीट जागेवर बसला. छे! आमच्याकडे छप्पर बसून राह्यले म्हणजे ते खचत असते; म्हणजे आकडा खाली घसरत होता. मला कळले होते – शब्द कानी पडताच. मग विमान का सोडले? आदल्या दिवशी तेच विमान मी अडवले होते. दोष निघाला नाही. जंगलातली माणसे पान हलले तरी भितात, असे अधिकारी हसत म्हणाले होते. ते मला पुन्हा ऐकायचे नव्हते. मी 'ठीक' असे लिहिले.

उड्डाणाच्या धावेतच आकडा खाली पडला, तारेत अडकला. विमान नाकावर आपटले. शिकाऊ वैमानिकाचा पाय गेला.

पण माझा खरा अपराध – तो हा नव्हे. चौकशीत मासूने आपले वाक्य जसेच्या तसे सांगितले. तिथे त्याच्याखेरीज मराठी जाणणारा मी एकटाच. अर्थ मला विचारला गेला. मी इंग्रजीत सांगितले, आकडा नीट बसला आहे असे तो म्हणाला होता. मासूला इंग्रजी येत नव्हते. मी त्याची बाजू मांडतो आहे असे समजून तो – मान डोलावत होता. चुकीचा निर्वाळा त्यानेच दिला असे ठरले, आणि त्याच मान डोलावण्यावर तो बडतर्फ झाला. आणि शब्दाच्या घोटाळ्याची ती गोष्ट गावात प्रथम कोणी सांगितली? मीच.

चौकशीच्या खोलीबाहेर त्याने मला विचारले, "भाऊ, बराबर सांगतले नं तुमी?"

"सांगतलो," मी म्हणालो.

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.