जुन्या पॅकेजची शेवटची ओळ

मी पॅकेजिंग करते म्हटलं की मोशीत लोकांच्या डोळ्यांपुढे खोके आणि चिकटपट्टी येते. आईनं तर शेजारीपाजारी सांगूनच टाकलंय, की थोरली हिंजवडीला पॅकिंग डिपार्टमेंटला आहे. भावजयीनं एकदा विचारलं होतं, तुमच्यात ओव्हरटाइम किती देतात? नोकरी वेगळी आणि हे वेगळं, हे फुकटचं आहे, एवढं तर मी मुळीच सांगत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला आमच्या घरात किंमत नाही.

काम तसं साधं. कुणीतरी एखादा प्रोग्राम लिहितो आणि जगासाठी खुला सोडतो. पण हे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीची घराणी अनेक आणि प्रत्येकाची रीत निराळी. भाजी एकच असली तरी ज्याच्या त्याच्या डब्यात बसेल अशी भरून द्यावी लागते. असा भरलेला डबा म्हणजे पॅकेज, आणि ते भरणं माझ्याकडे.

त्यातलं एक पॅकेज मी दत्तक घेतलं ते धाकट्या भावासाठी. तो चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लाईनवर आहे. प्रेसमधून पडलेले पार्ट वाहून नेणारा पट्टा तिथं एका लहानशा कॉम्प्युटरवर चालतो, आणि त्यातला प्रोग्राम असाच खुला. त्याचं पॅकेज सांभाळणारा कुठल्या तरी देशातला गृहस्थ एक दिवस न सांगता सवरता नाहीसा झाला. भाऊ म्हणाला, "ताई, तुझंच काम हाय म्हणं हे. बघ की जरा." मी होकार दिला.

बरेच महिने त्याला हात लावायची वेळच आली नाही. यंदा प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या माणसानं लिहून ठेवलेलं सगळं वाचायला बसले. एका ओळीवर आले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

पॅकेज काढून टाकताना पट्टा मूळ जागी यावा, म्हणून त्यानं मोटरला थेट हुकूम देणारी ओळ घातली होती. हेतू चांगलाच. पण या घराण्याची रीत अशी, की अपडेटमध्ये नवं पॅकेज आधी आत येतं, मग जुनं बाहेर काढलं जातं, आणि जाता जाता जुन्याची शेवटची ओळ चालते. आपण कायमचे जातोय की फक्त नव्याला जागा करून देतोय, हे त्या ओळीनं आधी तपासायला हवं होतं. ती तपासत नव्हती. म्हणजे पुढच्या अपडेटला बंद पट्टा वीतभर सरकणार होता. नाहीसा होण्याआधी त्यानं केलेली ही शेवटची भर, त्यामुळे ओळ अजून एकदाही चालली नव्हती. नुसती दबा धरून बसली होती.

मी भावाला फोन करून विचारलं, तुमच्याकडे अपडेट कधी होतात?

"जेवणाच्या सुट्टीत. तवा लाईन बंद असती ना. मालकानंच तसं लावलंय."

"आणि सुट्टीत पट्ट्याजवळ कोण असतं?"

"मीच की. खाली अडकलेले तुकडे काढतो हातानं. चालू पट्ट्यात कोण घालंल हात?"

मला राग आला. त्या गृहस्थाचा, मालकाचा आणि सगळ्यात जास्त त्या 'बंद' शब्दाचा.

ओळ मी लगेच पुसली. मग लक्षात आलं, की पुसून उपयोग नाही. मी दुरुस्त पॅकेज पाठवलं की जुनं बाहेर पडणार, आणि बाहेर पडताना तीच ओळ चालणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलाच प्रकार. आडवाटा शोधल्या, पण त्या जास्तच धोक्याच्या निघाल्या. मी नाही पाठवलं तर उद्या दुसरं कुणी पाठवेल आणि त्याला यातलं काही माहीत नसेल. हे पॅकेज कुठं कुठं बसवलंय, ते कळायची सोय नाही. खुलं म्हणजे खुलं, घेणारा नाव सांगून घेत नाही. मी सूचनेत ठळक अक्षरांत लिहिलं, अपडेट होताना मोटरची वीज बंद ठेवा. पण आपोआप होणाऱ्या अपडेटची सूचना वाचतं कोण? मीसुद्धा वाचत नाही.

भावाला मेन स्विच पाडून ठेवायला बजावलं आणि पॅकेज पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्याचा फोन आला.

"ताई, स्विच न्हाई पाडला. खरंच हलतंय का बघायचं हुतं. लांब हुबा हुतो."

"मग?"

"हललं. काल ह्याच टायमाला माझा हात कोपरापर्यंत आत हुता."

मी त्याला गाढवापासून सुरुवात करून तोंडाला येईल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मधेच म्हणाला, "शेजारच्या गाळ्यात बी हेच मशीन हाय," आणि फोन तसाच टाकून पळाला. मला त्याची पावलं ऐकू आली, मग काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. मी फोन कानाला दाबून धरला होता.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. कुणाला काही झालं नव्हतं. पट्टा तिथंही हलला होता. तिथला माणूस खाली वाकून हात घालणार, तेवढ्यात चहावाला आला म्हणून उठून गेला होता. चहा एरवी इतक्या लवकर येत नाही म्हणे.

"आता झालं ना दुरुस्त?" भावानं विचारलं.

झालं, मी म्हटलं. आणि खरंच झालं. ज्यांनी ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांच्याकडे ती ओळ आता नाही. प्रत्येक ठिकाणी एकदा चालून ती गेली. कुणाची तक्रार आली नाही, कुणाची विचारणा नाही. बाकीच्या गावांत त्या दिवशी चहा कधी आला, मला माहीत नाही.