संत्रेबाई आणि माझे महाळुंग

संत्रेबाई कोणाच्याही घरी गेल्या, तर यजमानांकडे पाहण्याआधी फळांच्या टोपलीकडे पाहत. लिंबू दिसले की ते उचलीत, सालीवर नखाने किंचित ओरखडा काढीत, डोळे मिटून वास घेत आणि मग विचारीत, "कसे आहात?" कार्डिफमधल्या आमच्या मराठी मंडळींना याची सवय झाली होती. माझ्या घरी त्या प्रथम आल्या तेव्हा मात्र नैवेद्याच्या ताटातलेच मोसंबे त्यांनी उचलले. "बाई, देवाआधी आपण हुंगलेत," असे मी कठोरपणे म्हणालो. त्या जराही खजील झाल्या नाहीत. "काय करू गुरुजी, हुंगल्याशिवाय यांची ओळखच पटत नाही ना!"

बाई नागपूरकडच्या. वडिलांची काटोलजवळ संत्र्याची बाग. स्वतः मात्र कार्डिफच्या विद्यापीठात बसून, लिंबू-संत्र्यांच्या जातीत कोण कोणाचे अपत्य आहे, हे पानांतल्या डीएनएवरून शोधून काढीत. त्यांना 'संत्रेबाई' हे नाव कोणी दिले ते ठाऊक नाही. त्या स्वतःही फोनवर "मी संत्रेबाई बोलते" असेच म्हणत.

माझ्याविषयीही सांगायला हवे. शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवून, पत्नी गेल्यावर, मी डॉक्टर मुलाकडे राहायला गेलो होतो. तेथे सत्यनारायण, बारसे, नवरात्र, सर्व पूजा माझ्याकडे येत. पुण्यात माझे उच्चार सुधारणारे चार तरी वैदिक शेजारी होते. कार्डिफमध्ये माझी चूक पकडणारा कोणीही नव्हता, त्यामुळे तेथे मी फारच विद्वान होतो.

एका सत्यनारायणानंतर बाईंनी प्रसादाच्या ताटातली फळे मांडून आम्हां सर्वांना त्यांची वंशावळ सांगितली. "मूळची मोठी घराणी तीन. महाळुंग, पपनस आणि संत्रं. बाकीची बहुतेक यांचीच लेकरं. मोसंबी पपनस आणि संत्र्याच्या घरातली. अन् हे ग्रेपफ्रूट पपनस आणि मोसंबीचं."

"म्हणजे नात्यातल्या नात्यात विवाह!" मी उद्गारलो.

"बाप्पा, गुरुजी, यांना कुठं कोणी पत्रिका दाखवली!"

सारे हसले. मी हसलो नाही. मी गोत्रे मोजीत होतो. बाईंचा आवडता प्रश्न एकच असे, "याची आई कोण?" पानातल्या हरितकणांचा वारसा आईकडूनच येतो, त्यामुळे आई नेमकी सापडते, असे त्या सांगत. महाळुंग मात्र संकरात जवळजवळ नेहमी बापच निघतो, हेही त्यांनी सांगितले. ते ऐकून माझा ऊर भरून आला. महालक्ष्मीच्या हातातले फळ ते, पितृस्थानीच असणार! जणू ते संशोधन मीच केले होते, अशा आविर्भावात मी सभोवार पाहिले आणि घरातल्या झाडाची कथा सांगितली.

ती कथा आमच्या घराण्याचे भूषण होती. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी वडिलांना एका यजमानांनी नागपुराहून संत्र्याचे कलम आणून दिले होते. वडिलांनी ते लावले आणि ते वाळले. वडिलांनी झाडापाशी बसून देवीचा जप केला. पुढच्या पावसाळ्यात वाळल्या खोडाच्या बुडातून नवा फुटवा आला आणि त्याला संत्री न लागता मोठी, खडबडीत, पिवळी महाळुंगे लागली! त्याच झाडाच्या बिया मी विलायतेला आणल्या होत्या. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले तेव्हा "प्रसाद" असे सांगितले, आणि ते असत्य नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली. काचेच्या खोलीत कुंडीत लावलेल्या एका बीतून तीन कोंब आले. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती. त्यांतला एक मी वाढवला. आता त्याचे फळ दर नवरात्रात देवीपुढे ठेवले जाई आणि अष्टमीला मी ही कथा सांगत असे.

"तीन कोंब? एकाच बीतून?" बाईंनी विचारले.

"तीन!"

"हं. गुरुजी, मला दोन पानं द्याल का?"

देवीच्या झाडाचे पान तोडायचे म्हणजे काय! मी अटी घातल्या. स्नान करून यावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आरतीनंतरच पान तोडावे. सप्टेंबरच्या बोचऱ्या गारठ्यात, सकाळी सात वाजता, बाई ओल्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. सुनेने माझ्याकडे असे पाहिले की मी आरतीची दोन कडवी कमी केली. बाईंनी दोन कोवळी पाने खुडली आणि पिशवीत घातली. त्या गेल्यावर मी मंडळाच्या सर्व कुटुंबांना फोन करून सांगितले, "यंदाच्या अष्टमीला विज्ञानाचीही साक्ष मिळणार आहे."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाई कागद घेऊन आल्या. त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगा होत्या.

"गुरुजी, बाप महाळुंगच आहे."

"मी म्हणालो होतो!"

"पण आई संत्र्याच्या घरातली. हे महाळुंग नाही, जंबेरी आहे."

जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचे, भरपूर रसाचे एक लिंबू, हे मला त्यांनी समजावून सांगितले. विदर्भात संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळासकट बुंध्यावर, बांधतात. वर बसवलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा कोंब, मेला की खालचा खुंट फुटतो. "आमच्या बागेत दर पावसाळ्यात असे फुटवे येत. बाबा कोयत्यानं छाटून टाकत." मग म्हणाल्या, "महाळुंगाच्या बीतून एकच कोंब येतो. तुम्ही तीन म्हणालात तेव्हाच शंका आली होती. पण नुसत्या शंकेवरून कोणाची आई बदलू नये."

माझ्या डोळ्यांपुढे वडील जपाला बसलेले दिसत होते, आणि त्यांच्या मागे कोयता घेऊन बाईंचे वडील.

"हे कोणाला सांगितलेत?"

"झाड तुमचं, गोष्ट तुमची. मी कोणाला सांगणार नाही. पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

अष्टमीला भाड्याच्या सभागृहात मंडळी जमली. मी कथा सांगितली; ऐनवेळी सोडून द्यावी असे वाटत होते, परंतु तोंड उघडल्यावर ती आपोआप बाहेर आली, आणि त्या वर्षी तर वडिलांना स्वप्नदृष्टान्तही झाला. कथा संपताच कोणीतरी विचारले, "बाई, लॅबचं काय झालं?"

"रिपोर्ट गुरुजींना दिलाय," बाई म्हणाल्या.

सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. कागद माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता.

"शास्त्राला अजून थोडा अवधी हवा आहे," मी म्हणालो.

देवीसमोर, पूजेच्या आसनावर बसून, मी हे म्हणालो. नंतर बाई प्रसादाला आल्या. ओंजळ पुढे करून, मान लववून त्यांनी तो घेतला. त्यांनी रागाने पाहिले असते तर मला फार बरे वाटले असते.

पुढच्या मे महिन्यात बाईंचे काम संपले. नागपूरला परतण्याआधी त्या निरोप घ्यायला आल्या. हातात छापील तक्ता होता. "आमच्या लेखात जाणार आहे. पहिल्या रकान्यात झाडाच्या मालकानं सांगितलेलं नाव लिहायचं, दुसऱ्यात तपासणीत निघालेलं. तुमच्या झाडाचा पहिला रकाना कोराच ठेवलाय."

"तेव्हा मी महाळुंगच सांगितले होते."

"हो. पण लेख छापायच्या आधी प्रत्येकाला पुन्हा विचारायची रीत आहे."

अशी रीत खरोखर आहे की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तो लेख कार्डिफमध्ये कोणी वाचणार नव्हते. 'महाळुंग' लिहिले असते तर अष्टमीची कथा सुखाने चालू राहिली असती. मी लेखणी घेतली. शिष्यांच्या वह्यांत आयुष्यभर लाल शाईने चुका दाखवल्या होत्या; आता पाळी माझी होती. मी 'जंबेरी' लिहिले.

बाईंनी तक्ता नीट घडी करून ठेवला आणि वाकून मला नमस्कार केला. "नका हो," मी म्हणालो. "राहू द्या गुरुजी," त्या म्हणाल्या, "मला आता बस गाठायची आहे, वाद घालायला वेळ नाही."

त्या वर्षीच्या अष्टमीला मी कथा सांगितली ती अशी: कलम, खुंट, वाळलेला डोळा, तीन कोंब आणि गतवर्षी खिशात ठेवलेला कागद. शेवटी मी क्षमा मागितली. आता कोणी उठून मला पूजेच्या आसनावरून खाली उतरवील, अशा तयारीने मी मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या रांगेतून देसाईकाकूंचा आवाज आला. विसर्जनानंतर ते फळ दरवर्षी काकूच आपल्या घरी नेत असत.

"अहो गुरुजी, एवढं काय त्यात! चार वर्षं मी त्याचं लोणचं घालतेय. महाळुंगाला कुठे एवढा रस असतो? पहिल्याच वर्षी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?" माझ्या तोंडून निघाले.

"आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोणचं सगळ्यांकडे जातं. तुम्ही इतकं मनापासून सांगायचात, कशाला मोडायचं म्हणून गप्प बसलो."

सभागृहात हशा पिकला. सून तर डोळे पुसत होती. मग आरती झाली, आणि फळ देवीपुढे होते तेथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला फोन लावला आणि बाईंना सारे सविस्तर सांगितले. काकूंचे लोणचेही लपवले नाही. पलीकडून बराच वेळ केवळ हसणे ऐकू येत होते. मी धीराने वाट पाहिली.

"म्हणजे गुरुजी," शेवटी त्या म्हणाल्या, "एवढी पानं कुटली, एवढी मशीनं चालवली, अन् नवीन कळलं ते फक्त तुम्हाला अन् मला."