कुंदाताईंचा गुरुवार

ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी तपासायला आणायचं, तर प्रयोगशाळेतलं कुणी गुरुवारी जात नसे. पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते हे कळायला बाटली बुडबुडा राहू न देता बंद करायची, तीन दिवस ठरलेल्या उष्णतेच्या अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि मग उघडायची. गुरुवारची बाटली उघडते रविवारी. सुट्टीचा रविवार कोण घालवणार?

कुंदाताई घालवत. दर गुरुवारी त्याच नावेतून मधल्या धारेपर्यंत जात.

मदन महलच्या घरात त्यांना रविवार खायला उठायचा. यजमान अच्युतराव फॅक्टरीतून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. अवंतिका बंगळुरूला. तिचा फोन यायचा, पण ‘जेवलीस का’ विचारून झालं की मायलेकींचं बोलणं संपायचं. शेजारच्या स्वयंपाकघरातून तळणाचा वास आला की कुंदाताई खिडकी लावून घेत. त्यापेक्षा प्रयोगशाळा बरी. रविवारी इस्त्रीची साडी नेसून त्या जात आणि तासाभराचं काम दुपारपर्यंत पुरवत.

हे प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या वैभवीला पाहवेना. पोरगी मनाने चांगली, आणि चांगल्या माणसांना न विचारता भलं करायची भारी हौस. तिने साहेबांना सांगून वेळापत्रकच बदललं.

“दीदी, तुमचा गुरुवार सोमवारवर टाकून दिला मी. काहून दर संडेला खपून राहिल्या तुम्ही? आराम करा ना.”

“अच्छा,” कुंदाताई म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी धुतलेले पडदे पुन्हा धुतले. दुपारी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

सोमवारी त्या शैलेंद्रसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. “साहेब, माझा गुरुवार मला परत द्या.”

“काहून जी? काही प्रॉब्लेम?”

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात वैभवी उभी होती.

“संडेच्या बदल्यात सुट्टी मिळते ना. ती बुडून राहिली माझी.”

साहेब हसले. “म्हणजे सुट्टियाँ जमा करून राहिल्या तुम्ही! चलो, घ्या तुमचा गुरुवार.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट सगळीकडे पसरली. बाई वरून साधी, आतून पक्की लोभी, असं ठरलं. वैभवी रुसली, त्यांच्या शेजारी डबा खायला बसली नाही. कुंदाताईंना वाईट वाटलं, फार वाटलं. साठवलेल्या एवढ्या सुट्ट्या घेऊन ही बाई जाणार तरी कुठे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.